पंप गेला म्हणण्याआधी

जुनी डिझेल पिकअप रस्त्यात बंद पडली की पहिल्याच गॅरेजात निदान तयार असतं: 'पंप गेलाय.' म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल देणारा इंजेक्शन पंप. मग पंप उतरवा, पंपरूमला (पंप-नोझल दुरुस्तीच्या वर्कशॉपला) टाका, परत चढवा, टायमिंग जुळवा. ऐन सीझनमध्ये गाडी अशी उभी राहिली की भाडं दुसऱ्याच्या दारात जातं. प्रत्यक्षात पंपाचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा पंपापर्यंत नीट डिझेलच पोचलेलं नसतं.

माझी गाडी कॉमन रेलच्या (एका सामायिक नळीतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं डिझेल देणाऱ्या इंजिनांच्या) आधीची बोलेरो पिकअप, 2523 सीसीचं डीआय (थेट इंजेक्शनचं) इंजिन, मेकॅनिकल पंप. ओतूरला टोमॅटोचे साठेक क्रेट भरायचे, माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणवरून वाशी मार्केटला खाली करायचे, हा तिचा धंदा. खाली लिहिलंय ते अशाच मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. जुनी टाटा 207 असली तरी तत्त्व तेच. कॉमन रेलवाल्यांनी मात्र चालू इंजिनाच्या इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाईपला पाना लावायचाच नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, सुईसारखी धार कातडी फोडून आत जाते.

सकाळी गाडी खूप सेल्फ खाते, एकदाची चालू झाली की ठीक चालते, चढाला मधेच दम सोडते. ही लक्षणं दिसली तर आधी हवा शोधा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाईन ओढीची असते. तिथे पाईपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून 'कुठे गळत नाही ना, मग लाईन ओके' हे म्हणणं चुकीचं आहे. स्पेअरच्या दुकानात पारदर्शक डिझेल पाईप मिळतो. त्याचा वीतभर तुकडा तपासणीपुरता फिल्टरच्या आधी जोडा, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा आणि गाडी चालू करा. बुडबुडे पळताना दिसले की चोर मागच्या बाजूला आहे. खात्री करायची तर स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा आणि फीड पंपाचा पाईप थेट त्यात सोडा. त्यावर इंजिन सुरेख चाललं तर पंप निर्दोष सुटला. टाकी, जाळी नाहीतर पाईप धरा.

टाकीच्या झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं तरी हेच होतं. तासभर चालून गाडी बंद पडते, झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो आणि मग लगेच चालू होते. याच्यावर टाचणी पुरते.

आता हवा काढायची पद्धत. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा, खाली फडकं धरा आणि डिझेल लाईनवरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, दुधासारखा. मग फेसातून तुटक तुटक डिझेल, मग बुडबुड्याविना सलग धार. धार चालू असतानाच, हातपंप दाबून धरून, स्क्रू आवळायचा. सोडून आवळला की हवा परत आत. तरी गाडी लागली नाही तर इंजेक्टरवरचे पाईपनट (बहुतेक 17 नंबर) एकेक आटा ढिले करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे मोटर थंड होऊ द्या. नटातून डिझेल झिरपलं की आवळा. लाईन उघडली की जोडावरचे तांब्याचे वायसर (वॉशर) बदलायचे. रात्री अपरात्री नवे नसतील तर जुना वायसर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ पडतं आणि नीट बसतं.

ज्या गाडीला चावीवर चालणारी स्टॉप सॉलेनॉइड (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) आहे, तिथे हे सगळं करण्याआधी चावी ऑन करून पंपाजवळ कान द्या. 'टक' आवाज नसेल तर डिझेल बंदच आहे. बऱ्याचदा वायरची टिकली निघालेली असते.

पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी दर आठवड्याला काढा. काचेच्या बाटलीत काढलं की पाणी तळाला वेगळं दिसतं. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन खाली बसते. ओतूर-माळशेजकडचं जुलैतलं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

धुराचं वाचन शिकून घ्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: आधी एअर फिल्टर, मग टर्बोचा होज, नोझलचा (इंजेक्टरच्या टोकाचा) नंबर शेवटी. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, म्हणजे न जळलेलं डिझेल. थंडीत चालू करताना थोडा आला तर चालतं. पण पांढरा धूर गोडसर वासाचा, आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर घाट चढायचा विचार सोडा.

एअर फिल्टरला हवा मारताना आतून बाहेर मारायची. टायरवाल्याकडची पोरं सर्रास बाहेरून मारतात आणि माती कागदात घट्ट बसते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी होजला वाकवून बघा. चीर असेल तर फिल्टर नवा असून उपयोग नाही, शेतरस्त्याची धूळ थेट लायनर (सिलिंडरची आतली नळी) खाते.

डिझेल इंजिनाचं ऑईल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. घाबरायचं ते डिपस्टिकवर ऑईल *वाढलेलं* दिसलं तर. म्हणजे फीड पंपाच्या डायाफ्राममधून किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतंय. वास घ्या, बोटांत चोळून पातळपणा बघा. अशी गाडी चालवू नका. बेअरिंग तर जातातच, पण इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन बेफाम फिरायला लागू शकतं, चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालंच तर ब्रेक दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच सोडा. इनटेकच्या तोंडाजवळ हात नेऊ नका.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकणं हा आमच्याकडचा आवडता उपाय आहे. मला तो पटत नाही. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेलही जास्त पितं आणि झिजतंही लवकर. आधी रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूनं पुढे अशी धुवा. काय भुसा आणि किडे निघतात बघा!

बॅटरी उभ्या गाडीला 12.6 व्होल्ट, चालू गाडीला 14 च्या आसपास हवी. दोन्ही ठीक असून सेल्फ नुसता 'कट कट' करतो तर इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी काढून घासा. कमानीचे यू-क्लॅम्प दर महिन्याला आवळा, पिनांना ग्रीस मारा, ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदला. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तेव्हा तरी हे सगळं बघून घ्या.

आणि नोझल खराब असल्याचा संशय असेल तर आयडलवर चारही पाईपनट पाळीपाळीनं किंचित ढिले करा, हातमोजे आणि चष्मा घालून. ज्याला ढिलं केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तोच सिलिंडर मेलेला. पंपरूमला मात्र एकच नोझल देऊ नका, चारही एकदम द्या, प्रेशर चौघांचं सारखं लावून मागा आणि स्प्रे कसा उडतोय ते टेस्टिंग मशीनवर समोर उभं राहून बघा.