हब कापून आणायला नागपूरला निघण्याआधी

मृग तोंडावर आला की रोटाव्हेटर वावरात उतरवायची घाई असते आणि नेमके तेव्हाच ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर जोडणाऱ्या जोडाचे दात (स्प्लाइन) जातात. पुसदकडून नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत गिअर कापणाऱ्याकडे जायचं तर अख्खा दिवस लागतो. माप चुकलं तर आणखी एक दिवस जातो, आणि तोवर वाफसा हातचा गेलेला असतो. म्हणून आदल्या संध्याकाळीच नीट बसून पुढची तयारी करा.

पहिल्यांदा ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात टाका, मगच जोड सोडा. शाफ्ट आणि हब, म्हणजे त्यावर चढणारी आतून दात असलेली नळी, दोन्ही डिझेलने धुवा. दातांच्या मुळाशी जमलेलं ग्रीस आणि माती तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर तुम्ही मातीचंच माप घ्याल.

आता दाताचा आकार बघा. सहाच दात असतील आणि त्यांच्या बाजू सरळ, एकमेकींना समांतर असतील, तर ही मिनिटाला ५४० फेऱ्यांची नेहमीची पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, आहे. हा इनव्होल्यूट स्प्लाइन नाही. त्याचा योक (जोडाचं शाफ्टवर चढणारं टोक) ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात तयार मिळतो, नागपूरला जायची गरजच नाही. ३५ मिमीवर २१ दात किंवा ४५ मिमीवर २० दात असतील तर ती १००० फेऱ्यांची पीटीओ, आणि हे दोन्ही इनव्होल्यूट, म्हणजे बाजू गिअरच्या दातासारख्या वळलेल्या. गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टवर मात्र वेगळीच मापं निघू शकतात. एका दाताला रंगाचा ठिपका लावून मोजणी करा, मग घरातल्या दुसऱ्या कोणालाही पुन्हा मोजायला सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा बाहेरच्या व्यासात होतो. फोनवर कास्तकार सांगतो, "भाऊ, पस्तीसचा आहे." पण पस्तीसचे एकाहून जास्त प्रकार आहेत. जर्मन पद्धतीच्या डीआयएन ५४८० या मानकात ३५ × २ × १६ असं लिहिलेलं असतं: संदर्भ व्यास (नावाचं माप) ३५, मॉड्यूल (पिच व्यास भागिले दात) २, दात १६. त्यात शाफ्टचा बाहेरचा व्यास ३४.६ मिमी आणि पिच व्यास, म्हणजे दातांच्या उंचीतून जाणाऱ्या हिशेबाच्या वर्तुळाचा व्यास, ३२. पीटीओचा २१ दातांचा शाफ्ट इंची हिशेबाचा, १६ पिचचा (पिच व्यासाच्या दर इंचाला १६ दात), त्याचा पिच व्यास ३३.३४ मिमी. डोळ्यांना दोन्ही पस्तीसचेच दिसतात. त्यात २१ हा आकडा विषम, त्यामुळे एका दातासमोर दात नसून खाच येते, आणि वर्निअरचे जबडे खऱ्या व्यासापेक्षा ०.१ मिमीपर्यंत कमी दाखवतात. म्हणून दातांची संख्या आणि व्यास एकत्रच सांगा, नुसता व्यास कधीच नाही.

दाताची जाडी वर्निअरच्या टोकाने मोजू नका, ती दोन पिनांवरून घ्या. जुन्या नीडल बेअरिंगचे एकाच जाडीचे दोन रोलर यासाठी उत्तम. ते समोरासमोरच्या खाचांत ठेवायचे, दात विषम असतील तर सर्वांत जवळपास समोर येईल त्या खाचेत, आणि वरून मायक्रोमीटर लावायचा. १६ पिचच्या शाफ्टला तक्त्यातली पिन ३.०४८ मिमीची असते. तुमच्याकडे ३ मिमीची असेल तरी चालेल, पण कागदावर पिनेचं माप आणि आलेला आकडा दोन्ही लिहा. बाकीचा हिशेब कारखान्यातला माणूस करतो. चार जागी मोजा आणि प्रत्येक आकडा वेगळा लिहा.

माप शाफ्टच्या न झिजलेल्या भागातच घ्या. हब जिथे कधी पोचलाच नाही, त्या टोकाला दातावर पायरी दिसते. तिच्या पलीकडचं माप खरं. मी एकदा झिजलेला भाग दाखवून हब कापून आणला. तो जुन्या शाफ्टवर घट्ट बसला, मला समाधान वाटलं. पुढच्या हंगामात नवा शाफ्ट आणला, तो त्या हबमध्ये शिरेचना. दोन्ही वस्तू वाया गेल्या, आणि ज्याचा रोटाव्हेटर होता त्याची पेरणी मागे पडली. ते मला आजही लागतं. तेव्हापासून एक तुकडा घेऊन मी निघत नाही. शाफ्ट आणि हब दोन्ही पोत्यात बांधूनच एसटीत चढतो.

फिट, म्हणजे हब किती घट्ट की सैल बसवायचा, ते सांगण्याची तयारीही घरीच करा. बहुतेक इनव्होल्यूट स्प्लाइन दातांच्या बाजूंवर बसतात. ३० अंशाच्या बाजूच हबला मधोमध धरतात, वरच्या व्यासाला मोकळीक असते. त्यामुळे "वरून घट्ट करा" असं सांगणं चूक आहे. हब शाफ्टवर सरकायचा आहे की एकदा बसवून कायम राहायचा, एवढं स्पष्ट सांगा. सरकणाऱ्याला बाजूंना थोडी जागा लागते, नाहीतर ग्रीस आत जात नाही. आणि हेही विचारा: तपासणी गो गेजने, म्हणजे सगळ्या दातांवर एकदम चढवून बघायच्या पक्क्या मापाच्या नमुन्याने, करणार का? प्रत्येक दात एकेकटा मापात असला तरी अंतरातल्या, आकारातल्या आणि तिरकेपणाच्या चुका मिळून शाफ्ट जणू जाड होतो आणि हबमध्ये शिरत नाही. ही चूक पिना दाखवत नाहीत, गो गेज दाखवतो. तपासणी हार्डनिंगनंतर करा म्हणावं, कारण भट्टीत शाफ्ट वाकतो, हबचं भोकही बदलतं.

शाफ्टला खांदा असेल तर दातांच्या शेवटापासून तो किती मिमीवर आहे ते लिहा. हॉबला (फिरत दात कापणाऱ्या कटरला) निघायला जागा लागते, जागा नसेल तर दात शेपरवर, म्हणजे पुढे-मागे चालणाऱ्या कटरच्या मशीनवर, कापावे लागतात. हबचं भोक आरपार नसेल तर ब्रोच (भोकातून आरपार ओढून दात कापणारं हत्यार) चालत नाही, हे आधीच सांगितलं तर भाव नीट कळतो. लॉक पिनेची खाच आणि हब किती लांबीत दातांवर बसतो, तेही कागदावर उतरवा.

परत आल्यावर लगेच हातोडा मारू नका. हब हाताने सरकवून बघा. एक दात पुढे फिरवून पुन्हा, असं चार-पाच जागी. निळा रंग लावून किती दातांवर ठसा उमटतो ते पाहा. एका बाजूच्या दोन-तीनच दातांवर उमटला तर तसाच परत न्या. सगळीकडे सारखा आला तर जुळणीची खूण दोन्हींवर पंचने मारा, ग्रीस भरा आणि गार्ड चढवूनच पीटीओ सुरू करा.