शेतकऱ्याच्या हंगामात आपला वाटा: मुंबईत राहून कसा घ्यायचा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली २२ घरं गेली चार वर्षं शहापूरजवळच्या एका शेतकऱ्याकडून भाजी घेतात. हिशोब आणि फोनाफोनी माझ्याकडे असते. 'आम्हालाही घ्या' असं बरेचजण म्हणतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही भाजीची घरपोच सेवा नाही. पेरणीआधी आपण पूर्ण हंगामाचा वाटा ठरवून निम्मे पैसे आगाऊ भरतो आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला वाटा घेतो. पीक भरघोस आलं तर पिशवी जड, पावसाने झोडपलं तर हलकी. जपानमध्ये १९७०च्या दशकात, कीटकनाशकांच्या धास्तीने ग्राहकांनी शेतकऱ्यांशी असाच थेट करार सुरू केला, त्याला तिथे 'तेइकेई' म्हणतात. आपल्याकडे २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याने आपला माल थेट आपल्या दारात आणायला अडचण नाही.

शेतकरी शोधायला संत शिरोमणी सावता माळी आठवडी बाजारात जा, तिथे शेतकरी आपला माल थेट ग्राहकांना विकतात. तीन-चार आठवडे एकाच माणसाकडून भाजी घ्या, बोला आणि मग शेत बघायला येऊ का, असं विचारा. ही पायरी कृपा करून गाळू नका. आत्ताच्या शेतकऱ्याच्या आधी आम्ही शेत न बघता एका पुरवठादाराला पैसे दिले होते. 'आमच्या शेतातली' म्हणून भर आषाढात फ्लॉवर आणि मटार यायला लागले, तेव्हा कळलं की माल घाऊक बाजारातून येतोय. पैसे गेलेच, वर ज्यांना मी आग्रहाने सामील केलं होतं त्यांच्याशी नजर मिळवणं जड गेलं.

आता आम्ही ठाण्याहून कसारा लोकल पकडतो, आसनगावला उतरतो आणि शेतावर जातो. तिथे काय बघायचं? उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती महिने टिकतं ते विचारा, कारण त्यावरच तुमची मार्च-एप्रिलची भाजी ठरते. फवारणी कशाची, ते विचारा. दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा) किंवा निंबोळी अर्क म्हणाले तर पिंप दाखवा म्हणा. आमच्या शेतकरी दादांनी झाकण उघडलं तेव्हा त्या उग्र वासाने आम्ही दोन पावलं मागे सरलो. जीवामृताचं, म्हणजे घरच्या द्रव खताचं, पिंप शेजारीच होतं: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. कागद दाखवले तर तेही वाचा. पीजीएस-इंडिया या सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनेच्या प्रमाणपत्रावर 'ग्रीन' असेल तर जमीन अजून रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळते आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही. उलट त्या वर्षांत उत्पन्न घटतं, तेव्हाच शेतकऱ्याला आपली खरी गरज असते.

पैशांचं आधी लिहून ठेवा. आमचा वाटा १६ आठवड्यांचा, चार माणसांच्या घराला साधारण चार किलो, आठवड्याला ४०० रुपये, टेम्पोभाडं धरून. निम्मे पैसे पेरणीआधी, निम्मे दोन महिन्यांनी. टेम्पो गुरुवारी संध्याकाळी येतो. रात्री नऊपर्यंत पिशवी उचलली नाही तर ती सोसायटीतल्या सफाई कामगारांची. हा नियम पहिल्या दिवशीच सांगितला, म्हणून कधी वाद झाला नाही.

एका जुलैत सलग पावसाने भेंडी आणि गवार कुजली. तीन आठवडे फक्त दोडका, पडवळ आणि थोडा अळू. पैसे परत मागायचे का, अशी चर्चा झाली. मी दादांनी पाठवलेला गुडघाभर पाण्यातल्या वाफ्यांचा फोटो सगळ्यांना दाखवला. कुणीच मागितले नाहीत. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी मात्र त्या महिन्यात २२ घरांत झाली.

घरी पिशवी आली की पालेभाज्या त्याच रात्री निवडा, ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. दुधी, भोपळा थांबतो.

पावसाळी हंगामाची नोंदणी मे महिन्यात करा, हिवाळ्याची दसऱ्याच्या आसपास. जूनच्या पहिल्या पिशवीत शेवळं (पावसाळ्याच्या सुरुवातीची रानभाजी) आली तर सोबत काकडं (त्यात घालायची आंबट रानफळं) मागून घ्या, नाही मिळाली तर चिंच चालेल. हाताला तेल लावून वरची पानं सोला, आतला पिवळा भाग काढून टाका आणि बारीक चिरून आंबटात नीट शिजवा, नाहीतर घशाला खाज सुटते.