फोन लॉकरमध्ये आणि मॅन्युअल इंटरनेटवर

नवी मुंबईतल्या महापेच्या त्या डेटा सेंटरच्या गेटवर फोन, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह, सगळं काढून घेतात. लॉकरची चावी हातात देतात, रजिस्टरमध्ये वेळ लिहायला लावतात आणि मग आत सोडतात. आतल्या एकाही मशीनला बाहेरचं इंटरनेट नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, जुलै 2023 मध्ये, मी तिथे पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सॉफ्टवेअरचं काम करायला एकटी गेले होते आणि सोबत होती फक्त क्लासची वही. डेटाबेस सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी, त्यातही ज्यांना ठाणे-बेलापूर रोडवरच्या असल्या बंद साइटवर पाठवलं जाणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

काम तसं किरकोळ होतं. व्हर्जन 11 चा सपोर्ट त्या नोव्हेंबरमध्ये संपणार होता, म्हणून क्लायंटला 15 वर यायचं होतं. पोस्टग्रेसचं वर्षाला एक मोठं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. साहजिकच लोक मधली दोन-तीन व्हर्जन गाळून एकदम उडी मारतात. मुख्य सर्व्हरचं आमच्या मॅडमनी आधीच्या रविवारी उरकलं होतं. मला फक्त स्टँडबाय उभा करायचा होता. मुख्य सर्व्हरमागोमाग चालणारी त्याची नक्कल म्हणजे स्टँडबाय. मुख्य पडला तर हा पुढे येतो. "अगं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, जेवायला ऑफिसलाच येशील," मॅडम म्हणाल्या. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा, साडेनऊला मी गेटवर हजर.

नौपाड्यातल्या क्लासमध्ये आम्हाला 9.6 शिकवलं होतं. वहीतली कृती अशी: मुख्य सर्व्हरवरून बेस बॅकअप, म्हणजे अख्ख्या डेटाची प्रत, घ्या, डेटा फोल्डरमध्ये रिकव्हरी.कॉन्फ नावाची फाइल ठेवा, तिच्यात स्टँडबाय मोड चालू करा, मुख्य सर्व्हरचा पत्ता आणि ट्रिगर फाइलचं नाव लिहा, सर्व्हर सुरू करा. 9.6 ला हे बरोबर. 10 ला बरोबर, 11 लाही बरोबर. जुन्या स्टँडबायवर ही फाइल आयती होती. मी ती उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकली आणि सर्व्हर सुरू केला.

उठलाच नाही. लॉगमध्ये एकच ओळ, तिचा अर्थ एवढाच की रिकव्हरी.कॉन्फ ही फाइल चालणार नाही. मग काय चालेल, ते सांगायची तसदी त्या ओळीने घेतली नव्हती.

तिथले अ‍ॅडमिन, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते शेजारीच बसले होते. त्यांना विचारलं, मॅन्युअल आहे का? सर्व्हरवर नव्हतं. मिनिमल इन्स्टॉल होतं, म्हणजे डेटाबेस चालायला जेवढं लागतं तेवढंच. पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन वेगळं पॅकेज म्हणून येतं आणि ते कुणी मागितलं नाही तर कुणी टाकत नाही. दादांनी त्यांच्या फाइल सर्व्हरवर शोधून एक पीडीएफ काढून दिली. व्हर्जन 10 ची. मी ती उघडली, स्टँडबायचं प्रकरण काढलं आणि सुटकेचा श्वास सोडला, कारण माझी वही आणि पुस्तक शब्दाला शब्द जुळत होतं. आपलं काहीच चुकलं नाही, सर्व्हरच काहीतरी करतोय, या खात्रीत मी पाऊण तास घालवला. मॅन्युअल नसतंच तर निदान मला काही माहीत नाही हे तरी मला माहीत असतं. तेव्हापासून मी जुन्या व्हर्जनच्या मॅन्युअलला सगळ्यात जास्त घाबरते. त्यातलं बरंचसं आजही खरं असतं, म्हणून उरलेल्यावरही आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

मग मी डोकं लढवलं आणि त्या फाइलमधल्या सगळ्या ओळी मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चिकटवल्या. सर्व्हरने दोन ओळींवर बोट ठेवलं: स्टँडबाय मोड आणि ट्रिगर फाइल. असले पॅरामीटर मला माहीत नाहीत, म्हणाला.

साडेबारा वाजले होते. रजिस्टर, लॉकर, गेट. बाहेर मरणाचा पाऊस. समोरच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभी राहून मॅडमना फोन लावला. त्या दुसऱ्या कॉलवर होत्या, तरी घाईघाईत सांगितलं, "ती फाइल आता गेली. पत्ता मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये राहू दे, बाकीच्या दोन ओळी काढून टाक आणि डेटा फोल्डरमध्ये स्टँडबाय डॉट सिग्नल नावाची रिकामी फाइल कर." ट्रक, पाऊस, भजी तळल्याचा आवाज. मी चहाच्या ग्लासखाली कागद दाबून लिहून घेतलं. सकाळपासून सेटिंगची जी जी नावं बघत होते त्या सगळ्यांत अंडरस्कोअर (_) होते, त्यामुळे हाताने डॉटच्या जागी अंडरस्कोअरच लिहिला. लॉकर, रजिस्टर, आत.

फाइल केली, सर्व्हर सुरू केला आणि तो एका झटक्यात उठला. लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. मी दादांना म्हटलं, झालं बहुतेक. ते काही बोलले नाहीत, फक्त मुख्य सर्व्हरवर चाचणीच्या टेबलात एक नोंद टाकली आणि म्हणाले, "दाखव तुझ्याकडे आली का." आली नव्हती. पाच मिनिटं थांबलो, तरी नाही. त्यांनी माझ्या कीबोर्डवर पीजी_इज_इन_रिकव्हरी हे फंक्शन चालवलं. उत्तर आलं एफ, म्हणजे फॉल्स.

नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण त्या दिवसातली सगळ्यात महागाची चूक हीच. स्टँडबाय.सिग्नल या नेमक्या नावाची फाइल दिसली तरच पोस्टग्रेस स्टँडबाय म्हणून उठतो. माझी अंडरस्कोअरवाली फाइल त्याच्या लेखी कचरा होती. त्यामुळे तो स्वतःला मुख्य सर्व्हर समजून उठला, स्वतंत्रपणे लिहायला लागला आणि मूळ सर्व्हरपासून फुटला. त्याला परत मागोमाग लावायला मी बेस बॅकअप पहिल्यापासून घ्यायचा ठरवला. त्या डेटाला पावणेदोन तास लागत होते. एखादं अ‍ॅप्लिकेशन चुकून त्याला जोडलं गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

बॅकअपची कमांड परत टाइप करत होते तेव्हा दादांनी विचारलं, "याला हेल्प लावून बघितलंस का कधी?"

नव्हतं बघितलं. पीजी_बेसबॅकअप या कमांडला हेल्पचा पर्याय लावला की सगळ्या पर्यायांची यादी येते. कॅपिटल आर या पर्यायापुढे चार शब्द होते, रेप्लिकेशनसाठीचं, म्हणजे नक्कल चालू ठेवायचं, कॉन्फिगरेशन लिहितो अशा अर्थाचे. तो लावला की सिग्नल फाइल आपोआप तयार होते आणि मुख्य सर्व्हरचा पत्ताही योग्य जागी लिहिला जातो. मला काहीच लिहायचं नव्हतं, ना डॉट ना अंडरस्कोअर. गंमत म्हणजे त्याच पर्यायाचं लांब नाव अजूनही 'राइट रिकव्हरी कॉन्फ' असंच आहे. फाइल कधीच गेली, नाव राहिलं, जुन्या चाळीच्या जागी टॉवर झाला तरी रिक्षावाले चाळीचंच नाव सांगतात तसं. इंटरनेट नाही म्हणून मी सकाळपासून कुरकुरत होते, आणि हे उत्तर त्याच मशीनमध्ये पडून होतं.

सव्वापाचला बाहेर पडले. दादा चहा प्यायला गेटपर्यंत आले होते. त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक 6 वर प्रोग्रामिंगची सुरुवात केली, 1998 च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएन लायब्ररीच्या सीडी यायच्या, सगळं मॅन्युअल त्यात. एफवन दाबलं की ज्या शब्दावर कर्सर आहे त्याचं पान उघडायचं, आणि ऑफिसमध्ये इंटरनेट एकाच मशीनला होतं तरी कुणाचं अडायचं नाही. "आता एफवन दाबलं की ब्राउझर उघडतो," ते म्हणाले. खरंच आहे. तिथेच एका कंपनीचं बॅकअप सॉफ्टवेअर आहे, नाव घेत नाही, बंद नेटवर्कसाठी म्हणूनच विकतात ते. त्याच्या हेल्प मेन्यूत चार गोष्टी आहेत आणि चारही वेबसाइटवर नेतात. सोबत दिलेल्या पीडीएफच्या कव्हरवर नवं व्हर्जन छापलंय, आतल्या चित्रांत मात्र जुनी स्क्रीन, जिच्यावरचं डावीकडचं बटण नव्या व्हर्जनमध्ये अस्तित्वातच नाही. पोस्टग्रेसवाले फुकट देऊनही प्रत्येक व्हर्जनची वेगळी पीडीएफ काढतात, ए फोर आकारात. पैसे घेणाऱ्यांना ते जमत नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

घरी येऊन मी 15 ची पीडीएफ उतरवून घेतली आणि ही फाइल नक्की गेली कधी ते शोधायला बसले. रिलीज नोट्स, म्हणजे व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी, काढल्या तर त्यात काहीच नाही. कारण हा बदल झाला 12 मध्ये, ऑक्टोबर 2019 ला, आणि 15 च्या पुस्तकात फक्त 15 च्याच नोट्स असतात. म्हणजे 11 वरून 15 वर जायचं तर 12, 13, 14 आणि 15 अशा चारही नोट्स वेगवेगळ्या मिळवून वाचायच्या. प्रत्येकीत मायग्रेशनचा एक भाग असतो, जुन्यातलं काय मोडतं ते तिथे लिहिलेलं असतं. बाकी नवीन सोयींची जाहिरात असते, ती सवडीने वाचली तरी चालते. साइटवर जाण्याआधी मी आता मॅन्युअल नाही वाचत, हे चार भाग वाचते. तासाभराचं काम आहे. आणि हो, 15 च्या पुस्तकाच्या अगदी शेवटी, जुन्या झालेल्या किंवा नाव बदललेल्या गोष्टींचं एक छोटंसं परिशिष्ट आहे. त्यातली पहिलीच नोंद रिकव्हरी.कॉन्फची. रात्री साडेअकराला ते वाचून मी लॅपटॉप मिटला.

पुढच्याच महिन्यात ते वाचन कामी आलं. 15 वर नवा डेटाबेस तयार केला की साध्या युजरला पब्लिक स्कीमामध्ये, म्हणजे टेबलं ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात, टेबल करता येत नाही, परवानगी नाही असा एरर येतो. आधीच्या व्हर्जनमध्ये यायचा नाही. क्लायंटचा डेव्हलपर आमच्यावर चिडला, मी नोट्समधला तो परिच्छेद दाखवला आणि दोन मिनिटांत परवानगी देऊन मोकळी झाले. जुन्यातून आणलेल्या डेटाबेसला ही अडचण येत नाही, म्हणून चाचणीत ती सापडलीच नव्हती.

आता मॅन्युअल आत न्यायचं कसं, तर पेनड्राइव्हचा नाद सोडा. अशा बहुतेक ठिकाणी इन्स्टॉलर दोन-तीन दिवस आधी त्यांच्या सिक्युरिटी टीमकडे द्यावे लागतात, ते तपासून आतल्या फाइल सर्व्हरवर ठेवतात. त्यासाठी भरायच्या चेंज रिक्वेस्टमधल्या सॉफ्टवेअरच्या यादीतच डॉक्युमेंटेशनची वेगळी ओळ टाका, व्हर्जनच्या आकड्यासकट. नंतर मागितलं तर परत दोन दिवस. पीडीएफ किंवा एचटीएमएल द्या, सीएचएम, म्हणजे विंडोजची जुन्या पद्धतीची हेल्प फाइल, देऊ नका. सीएचएम बाहेरून आली की विंडोज तिला संशयित मानतं, डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडचं पान कोरं. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करावी लागते, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उघडली तर बहुतेक वेळा तेवढ्यानेही भागत नाही, आधी आपल्या मशीनवर कॉपी करून घ्यावी लागते.

पोस्टग्रेसच्या बाहेरचं थोडक्यात सांगते. पायथॉनच्या साइटवर प्रत्येक व्हर्जनचं पूर्ण डॉक्युमेंटेशन झिप करून मिळतं, आणि आतल्या मशीनवर पायथॉनसोबतच येणारं पायडॉक चालवलं तर जे मॉड्यूल तिथे खरंच बसवलेलं आहे त्याचीच माहिती दिसते, त्यात व्हर्जनचा घोळ होऊच शकत नाही. पायथॉन 3.12 मधून डिस्टयुटिल्स हे जुनं मॉड्यूल काढून टाकलंय, आपल्या जुन्या स्क्रिप्ट तिथे आपटतात. जावाचंही झिप मिळतं. लॅपटॉप आत नेऊ देत असतील तर झील हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, वेगवेगळ्या भाषांची मॅन्युअलं एका खिडकीत येतात. फक्त घरून निघण्याआधी बघा की उतरवलेलं व्हर्जन साइटवरचंच आहे. पोस्टग्रेसचीच एक राहिलेली सोय: त्याच्या कमांड चालवायच्या पीएसक्यूएल या टूलमध्ये बॅकस्लॅश एच आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की तिची रचना तिथल्या तिथे दिसते. मुलाखतीतही विचारतात हे. लिनक्सची मॅन पेजेस, म्हणजे मशीनवरच वाचायची कमांडची माहिती, मात्र गृहीत धरू नका, कंटेनरसाठीच्या छोट्या इमेजमध्ये ती जागा वाचवायला काढून टाकलेली असतात.

छापील कागदाला हसू नका. अख्खं पुस्तक हजारो पानांचं आहे, ते कुणी छापत नाही. मी बेस बॅकअपचं पान, स्टँडबायचं प्रकरण आणि ते शेवटचं परिशिष्ट एवढंच ठाणे स्टेशनजवळ झेरॉक्सवाल्याकडे काढून स्पायरल मारून घेतलं. दुसऱ्या फेरीला ते गेटवर दाखवलं, रजिस्टरमध्ये 'पुस्तक, एक' अशी नोंद झाली आणि आत जाऊ दिलं. ते आता तिथेच असतं, दादांच्या टेबलावर. मागच्या वेळी गेले तेव्हा माझ्यानंतर लागलेला एक मुलगा ते उघडून बसला होता. स्टँडबाय.सिग्नलमधल्या डॉटभोवती मी लाल पेनाने गोल केलाय. त्याने विचारलं, "ताई, इथे काय आहे एवढं?" मी म्हटलं, आधी पुस्तकावरचा आकडा बघ आणि सर्व्हरवरचा बघ. त्याने बघितला. सर्व्हरवर तोवर 16 आलं होतं.