फवारणीवाल्यांची रक्ततपासणी: या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या परभणीकडं लॅबवर रोज एखादा तरी येतोच, "डोकं गरगरायलंय, कापसावर मारून आलो, रक्त तपासा." कोणतं औषध मारलं विचारलं तर उत्तर "ते निळ्या झाकणाचं". आता झाकणावरून काय कळणार, रिकाम्या बाटलीच्या लेबलचा फोटो आणा राव, घटकाचं नाव दिसेल असा. आपण करतो ती कोलिनेस्टरेजची टेस्ट (हे रक्तातलं एन्झाइम, विषानं त्याचा आकडा खाली येतो) मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस असल्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांसाठी (कार्बामेटलाही चालते, पण त्यात आकडा लवकर वर येतो). सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड किंवा ग्लायफोसेट मारलं असेल तर ही टेस्ट नॉर्मलच येणार, आन मग माणूस बिनघोर परत पंप पाठीवर घेतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीझनच्या आधीचा आकडाच नसणं. निरोगी माणसांतही हा आकडा खूप वेगवेगळा असतो, म्हणून लॅबची रेंज रुंद असते. समजा तुमचा मे महिन्यात 9000 होता आन आता 5400 आला, तर रिपोर्टवर बऱ्याचदा "नॉर्मल" छापून येईल, पण तुमचा तर 40 टक्के उतरलाय ना! कॅलिफोर्नियात नियमच आहे, प्लाझ्मातला (रक्ताच्या पातळ भागातला, आपल्याकडच्या सिरमच्या टेस्टसारखाच) आकडा स्वतःच्या मूळ आकड्याच्या 60 टक्क्यांपर्यंत किंवा तांबड्या पेशींतला 70 टक्क्यांपर्यंत उतरला की कामगाराला फवारणीवरून काढायचं, 80 टक्क्यांवर गेल्याशिवाय परत घ्यायचं नाही. मूळ आकडा काढायला निदान महिनाभर औषधाचा संबंध नको, म्हणजे आपल्याकडं मे महिना बरा. दोन्ही वेळेस लॅब एकच ठेवा, पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत.

उशिरा येणं ही दुसरी. सिरमची टेस्ट काही आठवड्यांत भरून येते, तांबड्या पेशींची तीन-चार महिने घेते. त्यामुळं पोळ्याला त्रास झाला आन दसऱ्यानंतर आलात तर सिरमवर काहीच दिसणार नाही, पेशींची टेस्ट मागा, ती जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधी घेतात. लिव्हरचा आजार किंवा गरोदरपणातही सिरमचा आकडा खाली येतो, हे आधीच सांगा.

फवारणीच्या कपड्यावर तसंच येऊ नका, हात साबणानं धुवून या. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांना तर हे जास्तच, कारण शिशाच्या टेस्टला बोटाला सुई टोचली की कातडीवरचं शिसंच रक्तात मिसळतं आन रिपोर्ट फुगतो. शिरेतून घ्यायला सांगा, आन पूर्ण रक्तच पाठवायचं, सिरम नाही, शिसं बहुतेक तांबड्या पेशींत असतं. मीच नवीन असताना एकदा सिरम पाठवलं होतं, परत बोलवावं लागलं त्या माणसाला.

आन डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली, तोंडातून लाळ गळायली, दरदरून घाम, श्वास लागला, तर लॅबकडं फिरकूच नका. कपडे उतरवा, अंग धुवा, थेट दवाखाना, ॲट्रोपिन (या विषावरचं औषध) रिपोर्टसाठी थांबत नसतं.