लोन घेतलंच नाही, तरी वसुलीचा फोन?

परवा सकाळी पावणेसातला फोन, "अठरा हजार थकलेत, आत्ता भरा नाहीतर पोलीस घरी येतील", आणि मी लोन घेतलेलंच नाही! अशावेळी उलट त्यालाच विचारायचं, कुठली बँक, लोन अकाउंट नंबर काय, ऑथरायझेशन लेटर पाठव, खोटा असेल तर इथेच आवाज चढतो नाहीतर फोन कट. बरं, खरा एजंट असला तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी नि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन चालत नाही, शिवीगाळ तर नाहीच. फोनवाल्याने पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका. सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघा नावावर खरंच कुणी लोन उचललंय का. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. खऱ्या बँकेचा माणूस छळत असेल तर आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही.