माडाच्या सावलीतली बॅटरी

तारकर्लीला व्हॅन लावली की पहाटे तिच्यातला सोलर बॅटरीवरचा फ्रिज बंद पडायचा, बांगडे वाया जायचे. शेवटी वही घेऊन बसलो. फ्रिज ४५ वॅट, दिवसाकाठी साधारण १२ तास चालतो, म्हणजे ५४०. पंखा, दिवे, मोबाइल मिळून ३००. रोजचे ८४० वॅट-तास! माझी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२००, पण निम्म्याखाली उतरवत राहिलं तर लवकर मरते, म्हणजे वापरायला ६००च. म्हणून १२८० वॅट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं सेटिंगही बदललं.

तरी भरेना. २०० वॅटची दोन सोलर पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली होती. एकावर माडाची सावली आली की दुसऱ्याचाही करंट अडायचा. पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येकाचा करंट स्वतंत्र येईल अशी जोडली आणि दुपारपर्यंत बॅटरी भरू लागली. पॅनेलच्या काचेवरचं मीठ मात्र रोज गोड्या पाण्याने पुसतो. पावसाळ्यात इंजिनवरच चार्ज करतो.