घरातील माणूस नैराश्यात असेल तेव्हा

नैराश्याने ग्रासलेला माणूस डॉक्टरांसमोर बसला तरी ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. डोके जड आहे, अंग दुखते, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी तो सांगतो आणि अनेकदा पित्ताच्या किंवा ताकदीच्या गोळ्या घेऊन परततो. म्हणून हा आजार ओळखण्याचे पहिले काम पुष्कळदा घरच्यांकडेच येते.

त्यासाठी आधी दिवस मोजावेत. जवळचे कोणी गेले, नोकरी सुटली किंवा उभे पीक हातचे गेले, तर दुःख होणारच, आणि प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. परंतु सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, तर सावध व्हावे. त्याच्या जोडीला झोप, भूक किंवा वजनातील बदल, सतत थकवा, हालचाली मंदावणे किंवा विलक्षण अस्वस्थता, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत अशी अपराधी भावना आणि मरणाचे विचार ही लक्षणे पाहिली जातात. या एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच असतील, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराच्या निदानाचा विचार करतात. पाच भरली नाहीत म्हणून घरी बसून वाट पाहू नये. किशोरवयीन मुलांत उदासीपेक्षा चिडचिड अधिक दिसते, पुरुषांत दारू वाढलेली दिसते आणि वृद्धांत विसरभोळेपणा, हेही ध्यानात ठेवावे.

नैराश्य सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही. तरीही डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व अशा चाचण्या सांगतात, कारण त्यांतील बिघाडानेही अशीच लक्षणे दिसू शकतात. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली ० ते २७ गुणांची असून १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात, पण केवळ गुणांवरून निदान होत नाही. जाताना त्रास कधीपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, व्यसन आहे का, घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का, हे कागदावर लिहून न्यावे. एक गोष्ट तर आवर्जून सांगावी: पूर्वी कधी या माणसाला झोपेची गरजच उरली नव्हती, उत्साह ओसंडून वाहत होता आणि पैसा बेताल खर्च होत होता, असे दिवस आले होते का. तसे असल्यास आजार द्विध्रुवीय (बायपोलर), म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह असा, असू शकतो. मग केवळ नैराश्यावरची गोळी मनःस्थिती दुसऱ्या टोकाला नेऊ शकते.

सौम्य नैराश्यात समुपदेशन व वर्तनोपचार पुरेसे ठरू शकतात. मध्यम व तीव्र आजारात त्यांच्या जोडीला बहुधा गोळ्याही लागतात. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण गुण यायला त्याहून अधिक काळ जातो, तर मळमळ किंवा अस्वस्थता यांसारखे दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. नेमके याच टप्प्यावर अनेकजण औषध सोडतात, याचे फार वाईट वाटते. या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, परंतु त्या एकदम बंद केल्यास त्रास होतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. पंचविशीच्या आतील रुग्णांकडे औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष द्यावे, कारण या वयात मरणाचे विचार कधीकधी वाढतात.

आता सर्वांत अवघड भाग. मरणाबद्दल विचारले तर तो विचार डोक्यात भरेल, ही भीती निराधार आहे. एकांतात, शांतपणे, थेट विचारावे: ‘तुला जगणे नकोसे वाटते का? स्वतःला संपवावे असे मनात येते का?’ उत्तर ‘हो’ आले तर व्याख्यान देऊ नये, मुलाबाळांची आठवण करून देऊन लाजवू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके दुसऱ्याच्या ताब्यात कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी उपक्रमाची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असून मराठीतही बोलता येते. हे क्रमांक स्वतः त्रासात असणाऱ्यासाठीही आहेत.

काहीजण मरण्यासाठी नव्हे, तर आतली असह्य घुसमट क्षणभर सैल व्हावी म्हणून स्वतःला इजा करून घेतात. भर उन्हाळ्यातही अंग झाकून वावरणे ही त्याची खूण असू शकते. हे नाटक समजू नये, कारण अशा व्यक्तींत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. आधी जखमेवर उपचार करावेत, मग ऐकून घ्यावे. ‘पुन्हा असे करणार नाहीस, माझी शपथ घे’ असे म्हणण्याचा मोह आपल्या घरांत फार असतो, पण शपथ मोडली की तो माणूस पुढची जखम लपवतो.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते, तिला शिक्षा होत नाही आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि गोव्यात बांबोळी येथे मानसोपचाराची शासकीय संस्था आहे.

उपचार सुरू झाल्यावर मन सावरण्याआधी कधीकधी अंगात बळ येते. म्हणून ‘आता बरा दिसतोय’ असे वाटले तरी औषधांची किल्ली घरच्यांनी आपल्याकडेच ठेवावी, गोळ्या रोजच्या रोज द्याव्यात आणि पुढच्या तपासणीला स्वतः सोबत जावे.